चुना विरेपर्यंत

ओस्त्राव्हातल्या आमच्या टेकड्या देवाने केल्या नाहीत.
त्या तीन पाळ्यांत झाल्या,
सहा ते दोन, दोन ते दहा, दहा ते सहा,
आणि रविवारीही,
कारण भट्टी एकदा पेटली की वार विचारत नाही.

रात्री रुळावर वाघिणी कलंडायच्या,
पोलादावरची साय
लालभडक ओघळत यायची उताराने
आणि आमचं स्वयंपाकघर उजळायचं.
आई त्या उजेडात मोजे विणायची.
तेवढीच वीज वाचते, म्हणायची.
बाबा तिकडेच असायचे, उजेडाच्या मुळाशी.

बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो.
या ढिगाला साठ लागली.
आता खणायंत्र त्याला खालून कुरतडतं,
चाळण्या त्याला आकारानं वेगळं करतात,
आणि मी, नगरपालिकेच्या रस्ते प्रयोगशाळेत,
तो खडीच्या जागी चालेल की नाही ते लिहिते.
चालतो. बेसाल्टपेक्षा घट्ट धरतो टायरला.
जड मात्र असा, की डंपर पाऊण भरला
तरी स्प्रिंगा कण्हतात
आणि झ्बिन्येक, ड्रायव्हर, माझ्या नावाने शिव्या देतो.

एक गोष्ट पुस्तकात होती. मला पाठही होती.
मळीच्या पोटात थोडा चुना मोकळा राहतो,
तहानलेला.
त्याला उघड्यावर ठेवायचा, पाणी पाजायचं,
महिनोन् महिने,
तो फुगून, फुटून, विरून जाईपर्यंत.
त्याआधी रस्त्यात घातलात
तर तो रस्त्यातच फुगतो.

शाळेसमोरचा तुकडा, एकशे ऐंशी मीटर.
जुन्या ढिगाची मळी कमी पडली,
कारखान्याकडून ताजी आली, चार महिन्यांची.
वरून निरोप होता: बर्फाआधी संपवा.
मी सही केली.
मार्चमध्ये रस्त्याला फोड आले,
एकेक बशीएवढा.
पोरं त्यांच्यावर उड्या मारत होती, फोडायला.
रस्त्याला चुना लावणं म्हणजे काय
हे मला तिथे, फुटपाथवर उभी असताना
अक्षरशः कळलं.

बाबांना सांगितलं नव्हतं. त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं.
रविवारी जेवायला गेले तर म्हणाले, एक खडा आण.
आणला, पुढच्या रविवारी, पर्समधून.
त्यांनी अंगठ्याने चाचपला,
थुंकी लावली, आणि कानाशी धरला,
ज्या कानाने भोंगाही नीट ऐकू येत नाही त्या कानाशी.
"हा अजून बोलतोय."
बास. मग सूप वाढून घेतलं.

दीड वर्ष तो ढीग मी भिजवला.
फवारे, पाऊस, बर्फ, पुन्हा फवारे.
दर महिन्याला नमुना, वाफेचं भांडं, फुगण्याचा आकडा.
ठेकेदाराचे फोन यायचे, मी उचलायचे
आणि सांगायचे: नाही.
आकडा उतरला, खूप खाली,
तरी मी एक खडा घेऊन ट्राम पकडली.
त्यांनी कानाशी धरला.
बराच वेळ.
मान हलवली. "गप्प झाला."
अर्जात यासाठी रकाना नाही.

ऑक्टोबरच्या अखेरीस पुन्हा तोच तुकडा.
एकशे साठ अंशांचं डांबर, निळसर धूर,
झ्बिन्येकचा रोलर मागेपुढे, मागेपुढे.
मळी ऊब लवकर सोडत नाही;
संध्याकाळी मजुरांनी हातमोजे काढून
हात रस्त्याच्या कडेला शेकले.
एक मांजर येऊन बसलं, उठवलं तरी उठेना.

बाबा सहाच्या ट्रामने आले, सांगितलं नसताना.
गुडघ्यांच्या कुरबुरी ऐकत खाली वाकले,
तळवा टेकवला काळ्यावर.
"कुठल्या भट्टीची?"
"तीन नंबर," मी म्हणाले.
खोटं. ढिगात सगळ्या भट्ट्या मिसळल्या आहेत,
सगळी सालं, सगळ्या पाळ्या,
कुणालाच सांगता येणार नाही.

"वाटलंच," म्हणाले.
हात लगेच उचलला नाही.