सगळं जवळचंच धरून

माझी फाइल तपासली, चूक नाही.
त्याची चालवली, तीही निवडलेल्या तुरीसारखी स्वच्छ.
दोघींना जोडायला गेलो की
काळ्या पडद्यावर तीच ओळ:
फिक्सअप ओव्हरफ्लो.

पाचोऱ्यात, दाळमिलच्या ऑफिसात, तिसरी रात्र.
कीबोर्डच्या फटींत हरभऱ्याची चुनी.
भवरलालशेठना सोमवारी पट्टी छापून हवी.
हिशेब मी लिहिला, छपाई हेमराजनं,
आणि हेमराज मार्चमध्येच सुरतेला गेला,
मागे एक फ्लॉपी ठेवून: नुसत्या ओबीजे फाइली,
सोर्स नाही.

रात्रपाळीचा सुकदेव हमाल वाकून बघतो.
"काय म्हनस ते?"
पत्ता मावत नाही म्हणतं.
तो हसला नाही. पाठीवरचं पोतं सावरत म्हणाला,
"चौथं घर म्हनस, पन गल्ली कोनती?"

नेमकं तेच.
हेमराजचं मॉडेल स्मॉल:
चौसष्ट केबीची एकच गल्ली,
तिथं नुसता घरनंबर पुरतो.
माझं लार्ज: आधी गल्ली, मग घर.
त्याच्या दोन बाइटांच्या चिठ्ठीवर
माझा चार बाइटांचा पत्ता कसा लिहिणार?
आपापल्या जागी दोघंही बरोबर,
म्हणून तर कंपायलर गप्प राहिला.

सकाळी स्टेशनसमोरचा एसटीडी बूथ.
पलीकडे जामनेरची छोटी गाडी उभी.
तिच्या रुळांवर भुसावळचा डबा कुणी ढकलत नाही,
एवढं शेंगा विकणाऱ्या पोरालाही कळतं.
मी बी.एस्सी., फर्स्ट क्लास.

"हेमराज, मॉडेल कोणतं होतं?"
मागे यंत्रमागांचा खडखडाट,
माझ्याकडे मीटरचे लाल आकडे.
"पाह्यलंच नाही रे," तो म्हणाला,
"मी सगळं जवळचंच धरलं होतं."

रविवारी सोर्स आला, ताप्ती लाइननं,
मुनीमजींच्या भाच्याच्या पिशवीतून.
पाकिटावर एवढंच:
मिलच्या मागे, तिसरं घर.
गाव नाही, तालुका नाही, पिनकोड तर नाहीच.
तरी पोचलं.
आणणारा इथलाच होता.

सगळं पुन्हा कंपाइल केलं, लार्जमध्ये.
पहाटे प्रिंटर करकरला.
पट्टीवर तुरीचा भाव दोनदा छापला गेला.
ती चूक माझी,
ती लिंकरला दिसत नाही.