अडीच इंच

पाण्याचा पंप आणि रेडिएटर यांच्यात
अडीच इंच जागा उरली.
तीनदा मोजली. पट्टीनं, मग बोटांनी,
मग काडेपेटी आडवी धरून.
एकोणचाळीसच्या फोर्डच्या अरुंद छातीत
मोडीतल्या शेवर्लेचं व्ही-एट उतरवलं
तेव्हाच हिंगमिरे म्हणाला होता,
"काका, जावई दांडगा आणलात,
त्याला खोली कुठली देणार?"

ऋजुता शनिवारी चाकणहून येते,
बॉनेटवर लॅपटॉप ठेवते,
खाली पंचा घालून, माझ्या नजरेला भिऊन.
अ‍ॅल्युमिनियमचा घ्या, बाबा. रुंद नळ्या, वजन निम्मं.
मागे जागा नाही तर पुढून दोन इलेक्ट्रिक पंखे,
पंच्याऐंशी डिग्रीला आपोआप सुरू.
मी म्हणतो, डायनॅमो देतो बावीस अँपिअर,
तुझे पंखे मागतात तीस.
रात्री घाटात दिवे लावू की वारा घालू?
ती म्हणते, अल्टरनेटर बसवा.
मी चहा ठेवायला उठतो.
आमच्या घरात वाद आधण येईपर्यंत चालतात.

नाना पेठेत मुनाफ बागवान
जुन्या कोअरची एक नळी बोटानं दाबून
दुसरीत हवा सोडतो, टाकीत बुडवतो
आणि बुडबुड्यांकडे असा बघतो
जसा डॉक्टर जिभेकडे.
"तांबं ठेवा," म्हणतो, "फुटलं तर मी जोडीन.
अ‍ॅल्युमिनियम फुटलं तर तुम्ही मला फक्त फोन कराल."
आणि मग, हात पुसत:
"पळणारी गाडी आपला वारा आपण खाते, साहेब.
पंखा लागतो तो उभ्या गाडीला."

हे मला माहीत होतं.
गेल्या मेमध्ये टिळक रोडला, एकशे दहा सेकंदांचा सिग्नल,
काटा लालच्या पुढे जाऊन बसला
आणि बॉनेटखालून कुकरसारखी शिट्टी.
रसवंतीवाल्यानं बादली दिली.
स्कार्फमधून नुसते डोळे दिसणारी एक मुलगी
स्कूटर न थांबवता म्हणाली,
"काका, एवढी जुनी आहे तर घरी ठेवायची ना."
पिंपरीच्या टूलरूममध्ये चौतीस वर्षं
एक दशांश मिलिमीटरसाठी भांडलो मी.
तिला उत्तर सुचेपर्यंत सिग्नल सुटला होता.

शेवटी रेडिएटर पुढे सरकवला,
पाळण्याची पट्टी कापून, दीड इंच.
अडीचचे चार झाले.
सहा पात्यांचा पंखा, इंजिनच्याच पट्ट्यावर.
तरी काटा चढायचा, कारण पंखा
तीच ती तापलेली हवा घुसळत होता,
सभेत बोलणाऱ्या माणसासारखा.
हिंगमिरेनं तांबट आळीत तांब्याचा पत्रा ठोकला,
पंख्याभोवती गोल गळपट्टा,
पाती निम्मी आत, निम्मी बाहेर.
ठोक्यांचे ठसे तसेच ठेव म्हटलं.
तो म्हणाला, "ते काय जाणार आहेत?"

रविवारी दुपारी, एरंडवण्यात, सावली नसलेल्या बाजूला
गाडी जागच्या जागी चालू ठेवली. वीस मिनिटं.
समोरच्या बंगल्यातून खिडकी जोरात बंद झाली,
म्हणजे दोन ते चारची वेळ आम्ही मोडली होती.
ऋजुतानं पिशवीतून एक कागद काढला,
जाळीसमोर धरला
आणि सोडला.
तो पडला नाही.
जाळीला चिकटून फडफडत राहिला, काटा मधोमध,
आणि ती माझ्याकडे न बघता म्हणाली,
"हं. ओढतोय."

कागद तिथंच होता म्हणून वाचला.
अल्टरनेटरची पावती. तारीख मंगळवारची.
मी काही बोललो नाही.
पुढच्या आठवड्यात कात्रज चढायचाय,
परत येताना अंधार होईल.