दोन सुरांची जागा

बाबाचा ट्रक विकायच्या आदल्या दिवशी
ड्वेन म्हणाला, तू एकदा केबिन बघून घे.
पायरीवर चढले.
सीटला अजून त्याच्या पाठीचा खड्डा,
आणि शेजारच्या सीटवर, पट्टा लावून बसवलेलं
अकॉर्डियन.
सवत आहे माझी, आई म्हणायची,
पण जेवायला वाढावं लागत नाही, तेवढं बरं.

ओमाहा ते शायान, वर्षानुवर्षं.
कधी डुकरं, कधी बीट,
एकदा तर अख्खं चर्च, तीन तुकड्यांत.
नेब्रास्कातला रस्ता इतका सरळ
की गुडघ्यांनी स्टिअरिंग धरून वाजवता येतं,
असं तो सांगायचा.
आईदेखत नाही.

घरी फोन वाजायचा दोनदा, मग बंद.
म्हणजे पोचलो.
तीनदा म्हणजे बर्फ आहे, माझी वाट बघू नका.
उचलायचा नाही. पैसे पडतात.
चार घंट्यांचा अर्थ ठरलेला नव्हता.
एका रात्री चार वाजल्या,
आम्ही पाचही जण स्वयंपाकघरात
हातातला घास हातात धरून उभे.
सकाळी कळलं, नाणं अडकलं होतं,
आणि ऑर्व्हिल कुचेरा, वय बेचाळीस,
फोनच्या डब्याला बुक्क्या मारत होता.

कोरियाबद्दल एवढंच, की तिथेही ट्रकच चालवला.
जाताना काय भरलेलं असे ते सांगायचा:
ब्लँकेटं, काडतुसं, सोललेल्या टोमॅटोचे डबे.
येताना काय, ते कधी नाही.
एकोणिसाव्या वर्षी तिथल्या थंडीनं
उजव्या हाताची करंगळी नेली, अनामिकेचं पेर नेलं.
स्वस्तात सुटलो, म्हणायचा,
आणि पेटी मांडीवर ओढायचा.

त्याच्या आजोबांच्या पोल्कात, वर चढताना
दोन सूर आहेत जिथे त्याचं बोट पोचत नसे.
तिथे तो टाचेनं फळीवर ठोकायचा.
टक, टक. आणि पुढे.
शनिवारी झेक हॉलमध्ये वाजवणारा तो, म्हणून
आई दुसऱ्यांबरोबर नाचायची,
नाचत नाचत त्याच्यासमोर येऊन
बरोबर त्या दोन ठोक्यांना गिरकी घ्यायची.
आम्ही मुलं त्यावरच वाढलो.
मी आठवीत असताना रेडिओवर तेच गाणं लागलं,
आणि मी ड्वेनला म्हटलं,
हा माणूस काहीतरी भलतंच वाजवतोय.

दफनाला सैन्यानं दोन पोरं पाठवली.
झेंड्याची त्रिकोणी घडी छान घातली त्यांनी,
पण बिगुलाच्या आत यंत्र होतं,
पोरगा नुसते गाल फुगवत होता.
बाबा असता तर बाजूला घेऊन म्हणाला असता,
बाळा, चुकीचं वाजव, पण तू वाजव.

मग हॉलमध्ये लिंकनहून आलेला तो तरुण,
दहाही बोटं शाबूत.
सुरेख वाजवत होता. चढणीला आला,
आणि ते दोन सूर त्यानं घेतले, अगदी स्वच्छ.
पण खालून, खुर्च्यांखालून,
तिसऱ्या रांगेतून, नंतर मागच्या दारापासून,
टक. टक.
तो दचकला. ताल सुटला त्याचा.
दुसऱ्या वेळी त्या जागी बोटं उचलून धरली त्यानं.
आई बसूनच होती, गुडघे दुखतात तिचे.
फक्त रुमालाचं टोक
बोटाभोवती एकदा फिरवलं.

ट्रक घेणारा माणूस काल आला. भला वाटला.
विचारलं, टेप चालतो का?
म्हटलं, चालतो, पण आवाज जरा मोठाच अडकलाय.
पेटी माझ्या गाडीत ठेवली.
निघाले, दहा पावलांवर परत थांबून
तिला पट्टा लावला.

दीडशे मैल. वाटेत बर्फ नव्हतं.
दारात गाडी लावून आईचा नंबर फिरवला,
दोन घंट्या, आणि ठेवला.
हल्ली पैसे पडत नाहीत.
तिनंही उचलला नाही.