अंधाराची वाट

दहाला भोंगा झाला.
माणसं फाटकातून बाहेर सांडली
आणि आम्ही दोघं, मी अकरा वर्षांची, यार्मो सात,
हंसाच्या होडीत ताडपत्रीखाली, गुडघे हनुवटीला लावून.
ताडपत्रीला वास तळ्याचा, डिझेलचा,
आणि कुणीतरी विसरलेल्या लिकोरिसचा.
आईला सांगितलं होतं, आयली आत्याकडे झोपतो.
आत्याला सांगितलं होतं, आई नको म्हणाली.
इतकं सोपं होतं तेव्हा
दोन घरांच्या मध्ये एक रात्र लपवणं.

बेत असा, की काळोख पडू द्यायचा,
मग बघायचं, घोडे रात्री दांड्यावरून उतरतात का,
आकाशपाळण्याच्या अगदी वरच्या डब्यात कोण बसतं.
यार्मोनं बॅटरी आणली होती
उशीच्या अभ्र्यात गुंडाळून, चोरून आणलेल्या मांजरासारखी.

अकरा वाजले. ताडपत्रीच्या भोकातून उजेड.
साडेअकरा. उजेड.
बाराला यार्मो कुजबुजला, "घड्याळ बिघडलंय."
घड्याळ बरोबर होतं.
आमच्याकडे जूनमधला सूर्य झोपत नाही,
नुसती कूस बदलतो.
हे ठाऊक होतं हो, जन्मापासून ठाऊक होतं,
पण बेत करताना आभाळाला कोण विचारतं?

निघालो तसेच, ढळढळीत उजेडात,
चोरांना लाज वाटावी अशा.
घोड्यांच्या पाठीवर प्लॅस्टिकची पांघरुणं.
एकाचा कान तुटलेला. दिवसा दिसला नव्हता,
दिवसा बँड वाजत असतो.
नेमबाजीच्या दुकानात बक्षिसाची अस्वलं
भिंतीकडे तोंड करून, शिक्षा झाल्यासारखी.
तिकिटाच्या खिडकीत पाटी: लगेच येतो.

यार्मोला रडू फुटलं.
घाबरण्यासाठी केवढी तयारी करून आलेला तो,
आणि भीती आलीच नाही.
मग त्यालाच सुचलं,
"भुताच्या बंगल्यात असेल की अंधार."

होता.
गार, जाड, तळघरातल्या बटाट्यांच्या वासाचा.
हात धरून रुळांवरून चालत गेलो,
सांगाडा, मग वटवाघळं, मग शवपेटी
आणि शवपेटीमागे
स्टोव्हची निळी ज्योत. कॉफी.
लोकरी मोज्यांतले दोन पाय.
चेटकिणीचा सुटलेला हात मांडीवर घेऊन
सुईत दोरा ओवत बसलेला तौनो,
दिवसा आकाशपाळणा चालवणारा तौनो.
खाट. दोरीवर शर्ट. खिळ्याला आरसा,
आरशाच्या कडेला खोचलेला एका मुलीचा शाळेतला फोटो.

कोण जास्त दचकलं, अजून सांगता येत नाही.
"कुठून आलात?"
"हंसातून," यार्मो म्हणाला. "तुम्ही?"
"मार्चपासून," तौनो म्हणाला.
कुणी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर.

मग राईचा ब्रेड कापला त्यानं,
जाड तुकडा यार्मोला.
"इथं कुणी राहत नाही," म्हणाला.
"आम्ही पण नाही," मी म्हणाले.

मोटर लावली तर फाटकावरचा म्हातारा जागा होईल,
म्हणून हातानं फिरवलं त्यानं चाक,
दात आवळून, एकेक दात्यावरून.
इतक्या हळू वर गेलो
की झाडं खाली जातायत हे कळलंच नाही.
सगळ्यात वरच्या डब्यात कुणी नव्हतं.
आम्हीच होतो.
तळं दिसलं, दुधासारखं, अजिबात न हलणारं.
गिरणीचं धुराडं दिसलं. आमचं छप्पर दिसलं.
आणि आमच्या दाराशी, रात्री दीड वाजता,
आयली आत्याची सायकल.

यार्मोनं माझा हात घट्ट धरला.
आत्ता आली होती भीती.
खाली तौनो दांड्याला टेकून उभा,
मान वर करून विचारत होता, "काय दिसतं?"
मी ओरडले, "घर!"
त्यानं मान खाली घातली
आणि चाक उलटं फिरवायला घेतलं.

आई मारणार होती, पण आधी नाक शिंकरलं तिनं.
मग विचारलं, कुठं होतात?
मी गप्प.
यार्मो म्हणाला, "अंधार बघायला गेलो होतो."
"मिळाला?"
"थोडासा," तो म्हणाला.
"जिथला तिथं ठेवून आलो."