रूम करून राहणे

आमच्याकडं रूम घेत नाहीत, करतात.
कुठं असतीस? बेगमपुऱ्यात. रूम केलीय.
जशी भाजी करावी, जसा नवस करावा,
तशी.

यादी लागली तेव्हा फळ्याच्या काचेवर ऊन होतं,
नावांच्या जागी आमचीच तोंडं दिसत होती.
दादा अंबड डेपोत मेकॅनिक.
त्यांचं नख, कधीच न निघालेलं ऑइल घेऊन,
वरून खाली सरकत गेलं
आणि प्रतीक्षा यादीत एकशे बाराव्या ओळीवर थांबलं.
"खालून मोजलं तर तिसरी हाईस," म्हणाले.
मी हसले. ते हसले नाहीत.

मग पहाडसिंगपुरा. "फक्त मुलींसाठी", अशी पाटी.
बाई गोड होत्या. पाणी दिलं, गाव विचारलं,
मग आडनाव.
मग म्हणाल्या, आत्ताच गेली हो रूम, दहा मिनिटं झाली.
पाटी दिवाळीपर्यंत तशीच होती.
मी त्याच रस्त्यानं डिपार्टमेंटला जायची, म्हणून माहीत.

सिडकोतल्या आत्याकडं किराया नव्हता.
घरचंच आहे की, म्हणायची आत्या.
घरचंच, म्हणून भांडी. घरचंच, म्हणून नातवाचा गृहपाठ.
पेपरच्या आदल्या रात्री घरचेच सोळा पाहुणे.
मी बॅग भरली तेव्हा तिनं शेंगदाण्याची चटणी बांधून दिली
आणि खरंच रडली.

मंदोदरीला हॉस्टेल लागलेलं, रूम नंबर एकोणीस.
तिच्या कॉटवर मी पॅरासाइट.
हा शब्द अकरावीत शिकले होते, अमरवेलीच्या धड्यात,
दोन मार्काला आला होता.
कॉट अडीच फूट. तिचे पाय माझ्या कानाशी,
माझे तिच्या. थंडीत बरं असायचं.
मेसला दोघींत एक ताट. वाढणाऱ्या रुख्माबाई
पोळ्या मोजायच्या नाहीत,
मोजता येत असून.

चेकिंगच्या रात्री मी गच्चीवर, टाकीमागं.
लेण्यांचा डोंगर तिथून फार जवळ वाटायचा,
हात लावावा एवढा.
एकदा गच्चीवर पोचलेच नाही.
देवणीकर मॅडम दारात, मी कॉटखाली, ट्रंकेमागं.
मला दिसत होते फक्त साडीचे काठ
आणि उंबऱ्यापाशी चपलांचे दोन जोड,
एक सहा नंबरचा, एक चार.
मॅडम थांबल्या. बराच वेळ.
"चपला आत घेत जा गं," म्हणाल्या, "कुत्रं नेतंय."
रजिस्टरावर पेन एकदाच टेकलं.

दुसऱ्या वर्षी बेगमपुरा. खैरुन्निसाआपांची माडी,
वर पत्रा, एक खिडकी, तीही अर्धीच उघडणारी.
दादांनी न विचारताच आडनाव सांगून टाकलं.
आपांचं लक्ष नव्हतं.
"पानी छे रोज में एक बार आता, भाई.
लडकी के पास ड्रम है क्या?"

ड्रम नव्हता. शनिवारी आला,
औरंगाबाद गाडीच्या टपावरून, निळा,
दादांनी सोड्यानं तीनदा धुतलेला.
तरी महिनाभर चहाला डिझेलचा वास.
आपा म्हणायच्या, तेरी चाय पी को
बस में बैठे सरीका लगता.
त्याच पाण्यावर एम.ए. झाले.
रूम सोडली, ड्रम तिथंच राहिला.

आता मी शिकवते, तासिका तत्त्वावर.
परवा बी.ए.ची एक पोरगी आली स्टाफरूमच्या दाराशी,
मॅडम, तिकडं ॲडमिशन झालंय,
रूम करायचीय, कुठं बघू?
मी पत्ता लिहून दिला. किराया सांगितला, गल्लीची खूण सांगितली.
आणि पुढं, सवयीनं, जिभेवर काय आलं होतं
ते मला कळलं.
मी पाणी प्याले.
मग म्हटलं, निळा ड्रम आहे तिथं.
तळाला एम-सील लावलंय, खरवडू नकोस.