टिटवी छाप

कामठी रोडवर, आता जिथे टायरांचं गोदाम आहे,
तिथे झंवरशेठचा स्टुडिओ होता.
पत्र्याची शेड, आत घोंगड्या टांगलेल्या,
मागे डबकं, डबक्यावर टिटव्या.
टेक सुरू झाला की नेमक्या ओरडायच्या.
शेठ वैतागले : हिलाच छापा तबकडीवर,
फुकट गाते, जरा नाव तरी कमवू दे.
लोक म्हणाले, अपशकुनी पाखरू.
खपल्या मात्र.

सिनेमा नंतर यायचा, गाणं आधी.
इतवारीतून, लुगड्यांच्या गठ्ठ्यांत घालून,
तबकड्या निघायच्या भंडाऱ्याला, गोंदियाला,
आणि नायिका विहिरीत उडी घेणार
हे तिला कळायच्या आधी
तिरोड्याच्या पानठेल्याला ठाऊक असायचं.

माझे वडील, शेषराव धकाते,
घरचा माग सोडून मेण सांभाळायला लागले.
मेणावर गाणं कोरायचं, मेण कलकत्त्याला न्यायचं,
मेलच्या थर्ड क्लासात, मांडीवर पेटी,
पेटीत भुसा, भुशात मेण,
मेणात कोणाचा तरी गळा.
पहिल्या साली मे महिन्यात नेलं.
डोंगरगडपर्यंत ठीक होतं.
"मंग वास आला न बावा," ते सांगायचे,
"देवघरात येते तसा."
रायपूरला पेटी उघडली, तर गाण्याचं थारोळं.

तेव्हापासून रेकॉर्डिंग दिवाळी ते होळी.
म्हणून टिटवीच्या चाळीस गाण्यांत
नागपूरचं ऊन कुठेच नाही.
सगळ्या नायिकांना थोडी सर्दी आहे,
आंब्याखाली भेटतात तेव्हासुद्धा.

कागदावर गाणारीचं नाव नसे.
पडद्यावरच्या पोरीचं असे : चंपा, मंदाकिनी,
एकदा नुसतंच 'राजकन्या'.
गायची एकटी द्रौपदा हेडाऊ,
एम्प्रेस मिलच्या कांडी खात्यातली.
पाळी संपवून यायची, केसांत कापसाचे तंतू,
गाण्याचे सात रुपये, टांग्याचं भाडं वेगळं.
बाराव्या गाण्यानंतर तबकडी हातात घेऊन
तिने विचारलं,
"याच्यात मी कुठी हाव, शेषरावभाऊ?"

त्या रात्री वडिलांनी आईची गोधडीची सुई घेतली
आणि गाणं जिथे संपतं, कागद जिथे सुरू होतो,
त्या दोन बोटं गुळगुळीत जागेत
मेणावर कोरलं : द्रौपदा.

महिन्याभरात पत्रं. अकोला, बालाघाट, राजनांदगाव.
'आपल्या तबकडीच्या अखेरीस
खर्र असा आवाज होतो, कृपया लक्ष द्यावे.'
शेठनी सुया बदलल्या, मेण बदललं,
कलकत्त्याला खरमरीत तार केली.
वडिलांचे पाच रुपये कापले, पेटी हलवली म्हणून.
त्यांनी कापू दिले.
अठ्ठावीस गाण्यांवर आहे ते खर्र.

मग लढाई. लाख मिळेना.
ज्या जंगलांची लाख, त्याच गावांत हुकूम गेला :
जुनी तबकडी द्या, तेव्हाच नवी.
पोत्यांनी परत आली चंपा, मंदाकिनी.
दळून, वितळवून त्यांचं काय काय झालं,
कोणाची भाषणंबिषणंही असतील.

स्टुडिओ बसला त्या साली
फिल्म धुऊन चांदी काढली,
उरलेली पट्टी बांगडीवाल्याने नेली.
एक सिनेमा महालातल्या बायांच्या हातांत
वर्षभर किणकिणत होता म्हणे.
शेठ इंदूरला मुलीकडे गेले.
टिटव्या राहिल्या, डबकं बुजेपर्यंत.

वडिलांनी तिला कधी सांगितलं का, माहीत नाही.
तिला वाचता येत नव्हतं, घरी मशीन नव्हतं.
एक तबकडी दिली होती, एवढं नक्की,
कारण ती मी पाहिली,
गोळीबार चौकाजवळ, तिच्या सुनेच्या घरी,
माठावर झाकण म्हणून :
उन्हाने वळून बशीसारखी झालेली,
मधल्या भोकाला बूच, मुंग्या जाऊ नयेत म्हणून.
"खोलगट हाय, पेला घसरत नाही," सून म्हणाली.
मी पाणी प्यायले. पेला परत ठेवण्याआधी
कडेने बोट फिरवलं.
ओलं होतं. थोडं खरखरीत.