न वाचलेले : ३१२

सकाळी सहाला, कॉफीच्याही आधी, मी यादी उघडते.
एका ईस्टरला मुलाने टार्टूहून येऊन लावून दिली होती :
"आई, दहा दारं वाजवत हिंडू नकोस.
घरी बस. ज्याच्याकडे काही नवं असेल
तोच येऊन सांगेल."

पटलं मला.
बत्तीस वर्षं फेरीबोटीच्या तिकीटखिडकीत बसलेल्या बाईला
रांग कळते.
आणि ही रांग शहाणी.
कुणी ओळख सांगून पुढे घुसत नाही,
मला काय आवडावं हे मला कुणी शिकवत नाही.
आलं की उभं राहतं. नाही आलं तर नाही.

सत्तावीस नावं आहेत.
बंदरावरच्या वाऱ्याचं कोष्टक.
वाचनालय, जे दर शुक्रवारी कळवतं की आज बंद.
सारेमाची एक बाई राईच्या पावाबद्दल लिहिते,
मधूनच नवऱ्याबद्दल, दोन्ही सारखंच आंबवून.
पोर्तुगालचा एक घड्याळजी,
त्याची भाषा मला ओ की ठो कळत नाही.
चाकं बघते.

आणि एंडेल कूस्क.

दर हिवाळ्यात तो गिरमिट घेऊन समुद्रावर चालत जायचा,
भोक पाडायचा, पट्टी घालायचा, घरी येऊन लिहायचा :
बावीस सेंटिमीटर. चालत जा, गाडी नको.
सव्वीस. गाडी चालेल. पट्टे लावू नका, दारं उघडी ठेवा.
एकोणीस. खडकाजवळ तडा. डावा बूट गेला.
विशेषण म्हणून कधी नाही.
बुटाबद्दलसुद्धा नाही.

मग एका जानेवारीत : पाणी.
पुढच्या जानेवारीत : पाणी.
मग तेही नाही.

त्याच्या मयताला मी गेले होते.
फरची फांदी ठेवली, हात चोळत परत आले.
तरी रीडर जेव्हा जेव्हा विचारायचा,
हा स्रोत नऊशे दिवस शांत आहे, काढून टाकू का,
मी 'नको' दाबायचे.
रिकाम्या खुर्चीचं भाडं थोडंच पडतं.

नोव्हेंबरातला मंगळवार.
त्याच्या नावापुढे आकडा : ३१२.

मी उठले. स्वयंपाकघराचा दिवा लावला.
परत येऊन पाहिलं. ३१२.

मुलाला फोन केला, झोपेत होता.
"काही नाही गं, साइट कुणीतरी नव्या सर्व्हरवर नेली असणार.
जुन्या नोंदींचे पत्ते बदलले,
म्हणून रीडरला त्या नव्या वाटतात.
'सगळं वाचलं' दाब, जाईल."

(नंतर कळलं, पुतणी हेलीन.
बिल थकलं होतं, तिने काकाला आपल्या खर्चात घेतलं.)

म्हणून रीडरला त्या नव्या वाटतात.

नाही दाबलं.
तळाशी गेले, अगदी पहिल्या नोंदीपाशी,
मी यादीत नाव घालायच्या कितीतरी आधीच्या.
कधी वाचलीच नव्हती :

सतरा सेंटिमीटर.
तिकीटखिडकीतल्या बाई रोज विचारतात, आज किती.
रोज फोन करणं बरं दिसत नाही.
इथे लिहीत जाईन.

मी विचारायचे?
विचारत असेन. बोटी बंद असल्या की लोक माझ्याच काचेवर टकटक करायचे,
बर्फाला तर खिडकी नव्हती.

कॉफी उतू गेली.
पुसून घेतली. बसले.
बाहेर सामुद्रधुनी काळी, उघडी,
साडेसहाची बोट तिच्यातून सरळ निघालेली,
कुणालाच काही मोजावं लागलेलं नाही.

३११.
उद्या एक.